बारा जणींचे हात, सहा मापांचे चौकोन

पार्श्वभूमी

बेळगावात टिळकवाडीतल्या एका जुन्या घराच्या पडवीत आम्ही बारा जणी दर शनिवारी चार वाजता विणायला बसतो. आम्ही मिळून केलेल्या पांघरुणांचं हे प्रकरण ऑगस्ट ते डिसेंबर २०२५ मधलं. नावं कुणाचीच देत नाही. नात्यानंच हाका मारतो, तशाच इथंही लिहिते. गटाची वही माझ्याकडे असते. या प्रकरणात त्या वहीचाही दोष आहे आणि माझाही.

सगळ्यांत थोरल्या आज्जी. यजमान मराठा लाइट इन्फंट्रीत होते. त्यांच्याबरोबर उत्तरेतल्या थंड छावण्यांत हिवाळे काढता काढता आज्जींच्या हातात सुया आल्या. आमच्यातल्या निम्म्या जणी त्यांच्याकडेच शिकल्या. शहापूरच्या वैनींच्या घरी यंत्रमाग आहे, त्यामुळं धागा तुटला की सगळ्या त्यांच्याकडे बघतात. अनगोळच्या अक्का कानडी. मराठी झकास बोलतात, पण टाके मोजताना ‘ओंदु, एरडु, मूरु’ असंच मोजतात आणि मध्येच कुणी काही विचारलं की पुन्हा पहिल्यापासून. इंजिनिअरिंगला असलेली एक मुलगी मोबाइलवर बघून क्रोशाची खेळणी करते. उरलेल्या आम्ही गृहिणी, दोन निवृत्त शिक्षिका आणि एक बँकेतली.

त्या ऑगस्टमध्ये प्रत्येकीच्या पिशवीत आपापलं काम होतं. एका शिक्षिकेचं नातवासाठी टोपडं आणि मोजे. अक्कांची बाही नसलेली जॅकेट, ती गेल्या वर्षीपासून गळ्यावर अडकलेली. वैनींनी मागावरच्या उरलेल्या सुती धाग्याची टेबलावरची जाळी काढली होती. मुलीचं हिरवं कासव होतं, त्याला तीनच पाय झाले होते. आज्जी मुलासाठी माकडटोपी विणत होत्या. मुलगा पन्नाशीचा, आणि टोपी घालत नाही.

चहा, चिरमुऱ्याचा चिवडा, कधी कुणाकडून कुंदा. बाहेर पाऊस आणि आत लोकरीला येणारा तो दमट वास. असं तीन वर्षं चाललं होतं. मग कुणाला तरी वाटलं, आपण मिळून काहीतरी करू या. ते ‘कुणाला तरी’ म्हणजे मीच.

आधी ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी पांघरुणं करायची ठरत होती. जिल्ह्यात साखर कारखाने पुष्कळ, आणि हंगाम ऐन थंडीतला. पण वैनींनी लगेच अडवलं, “पालात चूल आतच की. ही लोकर पेटली तर अंगाला चिकटत्या.” बरोबरच होतं. बाजारात लोकर म्हणून मिळते ती बहुतेक अ‍ॅक्रिलिक, म्हणजे एका जातीचं प्लास्टिकच. ठिणगी पडली की वितळते. खरी लोकर सहसा पेट घेत नाही. पण आपल्याकडची दख्खनी मेंढीची लोकर राठ, चिकोडी-अथणीकडच्या घोंगड्यांना उत्तम असली तरी लहान मुलाच्या गालाला ती टोचणार. म्हणून ठिकाण बदललं. खानापूर तालुक्यातल्या एका गावच्या अंगणवाडीत मुलं दुपारी सतरंजीवर झोपतात, तिथं चार पांघरुणं द्यायची असं ठरलं.

योजना कागदावर सोपी होती. चौकोन १५ सेंटीमीटरचा. एका पांघरुणात सहा बाय आठ म्हणजे ४८ चौकोन, चार पांघरुणांना १९२, माणशी १६. सुई आठ नंबर, टाके ३२, सगळ्या सुया (विणीच्या एका ओळीलाही आम्ही सुईच म्हणतो) सुलट. सुलट विणीची गंमत अशी की दोन सुयांची मिळून एक उठावदार रेघ होते, आणि जितके टाके तितक्या रेघा झाल्या की तुकडा चौरस होतो. म्हणजे ६४ सुया. एका चौकोनाला साधारण १५ ग्रॅम, सगळ्याला तीन किलोच्या आत. लोकर गणपत गल्लीतून एकदमच आणली. कृती मराठीत मी लिहिली, खाली कानडीत अक्कांनी. बालदिनाला, १४ नोव्हेंबरला, पांघरुणं पोचवायची.

कागदावर एकच गोष्ट नव्हती. आधी एक छोटा नमुना विणून मापून बघा, असं कुठंच लिहिलं नव्हतं.

अडचण

ऑगस्टअखेरचा आणि सप्टेंबरचा पहिला असे दोन शनिवार गणपतीत गेले. ६ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी. बेळगावचं विसर्जन दुसऱ्या दिवसापर्यंत चालतं, त्या दिवशी सुया घेऊन कोण बाहेर पडणार? तेव्हा पहिल्यांदा सगळे चौकोन एकत्र आले ते २७ सप्टेंबरला. पडवीतल्या फरशीवर चादर घातली आणि मांडायला सुरुवात केली.

चौथ्या ओळीतच रेघ वाकडी जायला लागली. आधी वाटलं, मांडताना चुकतंय. मुलीनं दप्तरातून पट्टी काढली आणि एकेक मापायला घेतला. ८३ चौकोनांत बरोबर १५ सेंटीमीटरचे निघाले २२. सगळ्यांत लहान १३ चे, सगळ्यांत मोठे १८ चे. मधली सगळी मापं हजर.

कारण विणणाऱ्या बाईला सांगायला नको. टाके तेवढेच, सुई तीच, पण हात प्रत्येकीचा वेगळा. मुलगी नवीन, टाका सुटेल या भीतीनं धागा बोटाला करकचून ओढते, म्हणून तिचे १३. अक्कांचे १६. आणि १८ चे सगळेच्या सगळे, १४, आज्जींचे.

हे कळलं तेव्हा पडवीत एकदम शांत झालं. आज्जींचा हात एके काळी इतका घट्ट होता की त्यांच्या स्वेटरातून वारा जात नसे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आणि बोटं आखडायला लागल्यापासून तो सैल पडला होता. आम्हाला दिसत होतं, बोललं कुणी नव्हतं. त्यात सगळ्यांत जास्त चौकोन त्यांचेच झालेले. आज्जींनी स्वतःचा एक उचलला, मुलीच्या चौकोनावर ठेवला, चारी बाजूंनी बाहेर आलेला बघितला आणि म्हणाल्या, “चहा कोण करतंय?”

जाताना सगळे चौकोन पिशवीत भरून मी घरी आणले.

पहिली चूक, आणि ती माझी

त्या रात्री मी आज्जींचे चार चौकोन उसवले आणि माझ्या हातानं पुन्हा विणले. हेतू चांगला होता हे आता लिहिण्यात काही अर्थ नाही. त्यांना वाईट वाटू नये म्हणून गुपचूप केलं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तोंड उघडायला नको होतं म्हणून केलं. उसवलेल्या अ‍ॅक्रिलिकला नागमोडी वळण राहतं. ती लोकर ओली करून, पिळून, खुर्चीच्या पाठीला लड बांधून वाळवली. त्यात दोन दिवस गेले. चार चौकोन झाले तेव्हा बरोबर १५ सेंटीमीटर. मला बरंही वाटलं.

दसऱ्याचा शनिवार सोडून ११ ऑक्टोबरला बसलो. आज्जींनी पिशवीतले आपले चौकोन वेगळे काढायला घेतले. दहा काढले. मग एक हातात घेऊन कडेवरून अंगठा फिरवला.

सुई सुरू करताना पहिला टाका न विणता नुसता उचलून घ्यायची त्यांची सवय आहे. त्यामुळं कडेला साखळीसारखी गुळगुळीत वेणी दिसते. मी पहिला टाका विणते, माझी कड गाठीगाठींची. तीन वर्षं त्यांच्या शेजारी बसूनही हे माझ्या ध्यानात नव्हतं.

“हे माझं न्हवेत,” त्या म्हणाल्या. तेवढंच. चौघी जणी ऐकत होत्या, त्यांतल्या कुणालाच काही कळलं नाही. मला कळलं. मी वहीत डोकं घातलं.

पर्याय

त्याच दिवशी काय करायचं यावर चर्चा झाली. नंतरही दोनदा झाली, ती इथं एकत्र लिहिते.

सरळ मार्ग म्हणजे १५ हून मोठे सगळे उसवायचे. असे ४० होते. लोकर वाया जात नाही, पण बायकांचा उत्साह जातो. शिवाय ज्या हातानं १८ झाला तोच हात पुन्हा १८ च करणार.

दुसरा मार्ग इस्त्रीचा. ओल्या फडक्याखाली दाबून ताणले तर लहान मोठे होतील असं मुलीनं कुठंतरी बघितलं होतं. तिनं एक चौकोन घरी करून बघितला. खऱ्या लोकरीला वाफ मानवते, अ‍ॅक्रिलिकला नाही. तुकडा चपटा झाला, चकाकायला लागला, हाताला निर्जीव लागायला लागला. तो पुन्हा कधीच फुगला नाही. एकावर भागलं हे नशीब.

तिसरा, मापाप्रमाणे वेगळी पांघरुणं करायची. दिसायला हुशार. पण एका मापाचे पुरेसे चौकोन कुठंच नव्हते. आणि यात ‘आज्जींचं सैल पांघरूण’ असं एक वेगळं निघालं असतं. ते कुणी बोललं नाही, पण तेही एक कारण होतंच.

चौथा, लहान चौकोनांना क्रोशानं कड घालून मोठं करायचं. हे सगळ्यांना पटलं, फक्त कुठल्या मापापर्यंत, हे ठरत नव्हतं. ११ ऑक्टोबरला आम्ही निम्मं-निम्मं ठरवलं: माप १५ च ठेवायचं, लहानांना कड, मोठे उसवायचे. कागदावर १५ लिहिलं होतं, म्हणून १५. आता विचार करते तर हसू येतं. तो आकडा मीच पट्टीवर बघून लिहिला होता, तो काही देवाचा शब्द नव्हता.

मधले शनिवार

१८ ऑक्टोबरला आज्जी आल्या नाहीत. दिवाळी दोन दिवसांवर, फराळात असतील. २५ लाही नाहीत. पाहुणे असतील. १ नोव्हेंबर शनिवारीच आला. त्या दिवशी इथं कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूकही असते आणि सीमाभागातल्या मराठी लोकांचा काळा दिनही. आमच्यात दोन्हीकडच्या आहेत. त्या तारखेविषयी पडवीत बोलायचं नाही हा न लिहिलेला नियम, म्हणून त्या दिवशी बसलोच नाही. ८ नोव्हेंबरला मात्र कुठलंच कारण हाताशी नव्हतं, आणि आज्जी नव्हत्याच.

त्या दिवशी आणखी दोघी नव्हत्या. त्यांतल्या एकीनं नंतर सरळ सांगितलं, “तुझी वही बघितली की बँकेचा हप्ता आठवतो.” मी दर शनिवारी आल्या आल्या कुणाचे किती झाले ते वाचून दाखवत होते. टोपडं, जॅकेट, जाळी, सगळं पिशवीतच राहिलं होतं. कासवाचा चौथा पाय अजून व्हायचा होता. विणता विणता ज्या गप्पा व्हायच्या त्या थांबून सगळ्या मान खाली घालून ३२ टाके मोजत होत्या. अंगणवाडीला कुणी तारीख मागितली नव्हती, १४ नोव्हेंबर आम्हीच लावून घेतली होती.

अक्कांनी त्या दिवशी दोन चौकोन हातात धरले, एक मुलीचा, एक आज्जींचा. म्हणाल्या, “लहान आहे ते मोठं करता येतंय. मोठं आहे ते उसवल्याशिवाय लहान होत नाही. मग माप मोठ्याचं धरा की.”

चार आठवडे आम्ही उलट्या बाजूनं ढकलत होतो.

काय केलं

रविवारी ९ नोव्हेंबरला मी आज्जींच्या घरी गेले. फोनवर जमलं नसतं. त्या टीव्ही लावून, आवाज बंद करून बसल्या होत्या. मांडीवर काही नव्हतं, सुया फळीवर. चहा झाला. मी म्हटलं, “आज्जी, ते चार चौकोन मी उसवलेवते.”

“ठाऊक हाय.”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून...”

“सांगायचं की गं. हात सैल पडलाय हे मला कळत नाही व्हय? मी धा नंबर घेऊन बसलो असतो.”

इतकं साधं. हात सैल असेल तर बारीक सुई घ्यायची. आठऐवजी नऊ किंवा दहा नंबर. आपल्याकडे नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. हे आम्हाला आज्जींनीच पहिल्या महिन्यात शिकवलं होतं. बाकीच्या अकरा जणींपैकी एकीलाही त्यांना विचारावंसं वाटलं नव्हतं.

मग मी अक्कांचं म्हणणं सांगितलं, की आता माप तुमच्या चौकोनाचं. आज्जी थोडा वेळ गप्प बसल्या. “म्हंजे आता आठच ठेवू?” म्हणाल्या, आणि हसल्या.

१५ नोव्हेंबरला ठरलं ते असं. माप १८ सेंटीमीटर. आज्जींचे चौकोन जसेच्या तसे. आमच्या लोकरीत आणि सुईत क्रोशाच्या खांबांचा (उंच टाक्यांचा) एक फेरा घातला की चौकोन दोन्ही बाजूंनी मिळून दोन सेंटीमीटर वाढतो, मुक्या खांबांच्या (बुटक्या टाक्यांच्या) फेऱ्यानं एक. त्यामुळं १७ ला एक मुका फेरा, १६ ला एक खांबांचा, १५ ला एक खांबांचा आणि एक मुका, १४ ला दोन खांबांचे, १३ ला दोन खांबांचे आणि वर एक मुका. कोपऱ्यात एकाच जागी तीन खांब, नाहीतर कड आत ओढली जाते. हा तक्ता भिंतीवर लावला. मुलीला क्रोशा सगळ्यांत चांगला येतो, म्हणून ती एकदम शिकवणारी झाली. महिनाभर स्वतःच्या १३ सेंटीमीटरची लाज वाटणारी पोर, आता शिक्षिकांच्या कडा तपासत होती.

कडांना गडद निळा रंग घेतला. त्याचा एक फायदा आधी लक्षात आला नव्हता. मध्ये लोकर कमी पडली म्हणून पुन्हा आणलेल्या पिवळ्याचा लॉट वेगळा निघाला होता, शेजारी ठेवलं की फरक डोळ्यांत भरायचा. प्रत्येकाभोवती निळी चौकट आल्यावर तो दिसेनासा झाला.

दुसरा फायदा हिशेबाचा. चौकोन १८ चा झाल्यावर एका पांघरुणाला पाच बाय सात, ३५ च पुरतात. चाराला १४०. त्या दिवशी हातात १२८ होते. १९२ च्या हिशेबानं आम्ही ६४ नं मागं होतो. मापाचा आकडा बदलला आणि फक्त बारा उरले. त्यांतले सहा आज्जींनी विणले, आठ नंबरवर.

वही मी पडवीत आणणं बंद केलं.

परिणाम

चार पांघरुणं, प्रत्येक ९० बाय १२६ सेंटीमीटर आणि वर थोडी कड. २० डिसेंबरला आम्ही सहा जणी खानापूरकडं गेलो. कार्यक्रम, हार, फोटो काही नाही. सेविका बाईंनी पांघरुणं घेतली, एका मुलानं निळ्या चौकटीतून बोट घालून बघितलं, जातंय का म्हणून. गेलं. क्रोशाच्या कडेला भोकं असतातच.

जानेवारीत निरोप आला की धुतल्यावर एका पांघरुणाचा जोड उसवलाय. ते वैनींनी जोडलेलं होतं. त्यांनी मागावरची विणकरी गाठ मारून टोकं अगदी गाठीजवळ कापली होती. सुताला ती गाठ धरते, हयातभर त्यांनी तेच केलंय. अ‍ॅक्रिलिक निसरडं, टोक आखूड ठेवलं की दोन-तीन धुण्यांत सटकतं. ते परत आणून, गाठीपाशी बोटभर लांब टोकं ठेवून विणीत आत ओवून घेतली. वैनींना मी त्याच दिवशी फोन करून सांगितलं. त्यांनी बाकीची तीनही मागवून तपासली.

गेलेल्या दोघींपैकी एक परत आली. दुसरी भेटली की छान बोलते, येत नाही.

पुन्हा करायचं झालं तर

नमुना आधी. प्रत्येकीनं दहा बाय दहा सेंटीमीटरचा तुकडा विणायचा, मापायचा, आणि त्याप्रमाणे तिची सुई ठरवायची. कागदावर ‘सुई आठ नंबर’ असं लिहायचंच नाही. ‘१५ सेंटीमीटर येईल ती सुई’ असं लिहायचं. एवढ्यानं निम्मं प्रकरण झालंच नसतं.

पण निम्मंच. सगळ्यांच्या मापांचे चौकोन एकसारखे आले असते तरी वहीचा प्रश्न उरलाच असता. भेटायला येणाऱ्या बायकांना मी कामाला लावलं होतं. आता पहिला तास ज्याचं-त्याचं काम, आणि मिळून काही करायचं असेल तर ते नंतर, ज्यांना हवं त्यांनी. शिक्षिका बाईंचं मत याहून कडक आहे: मिळून करायच्या कामासाठी वेगळा दिवस हवा, शनिवार त्यातून मोकळा ठेवावा. त्यांचं बरोबर असेल. मला अजून तितकं पटलेलं नाही, कारण कडा घालायच्या त्या पाच आठवड्यांत मुलगी जेवढी बोलती झाली तेवढी त्याआधी कधी नव्हती.

आणि ११ ऑक्टोबर. आज्जी “हे माझं न्हवेत” म्हणाल्या तेव्हा तिथंच बोलायला हवं होतं. चार आठवडे मी कारणं मोजत बसले, दिवाळी, पाहुणे, मिरवणूक.

सध्या पडवीत जे चाललंय ते असं. अक्कांची जॅकेट गळा ओलांडून खांद्यापर्यंत आली. टोपड्याचं माप आता नातवाला होत नाही, ते दुसऱ्या कुणाच्या बाळाला जाईल. कासवाला चौथा पाय मिळाला, पण तो उरलेल्या निळ्या लोकरीचा. आज्जींनी माकडटोपी उसवून दहा नंबरवर पुन्हा घातली आहे. टाके त्या स्वतः मोजतात आणि मग मला मोजायला लावतात.

मी विणलेले ते चार चौकोन कडा घालून तिसऱ्या पांघरुणात गेले. वहीत प्रत्येकीच्या नावापुढं आकडा आहे. ते चार आज्जी आपल्या नावावर लिहू देत नाहीत, आणि माझ्या नावावर लिहायला मला तोंड नाही. एकूण १४० होतात, पण बेरीज केली की १३६ च येते.